एक जीन बंद केली तर

ज्या किड्यावर मी तीन पानांचा संशोधन प्रस्ताव लिहिला, तो किडा मी तोवर कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आमच्या विभागात तो नव्हताच. माझ्याकडे होती त्याची एक झेरॉक्स, आणि तिच्यावरचा फोटो इतका काळा आला होता, की किडा कुठला आणि शाईचा डाग कुठला हे आमच्या मार्गदर्शक मॅडमनाही सांगता येईना. तरी मी वर्गात त्याच्याबद्दल असं बोलायचे, जणू काही तो आमच्या गल्लीत राहतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्ही सुरतेत, उधन्याला दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसात, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होते. तिथे रंग मापून कालवायची जी खोली असते तिला 'कलर किचन' म्हणतात. नाना त्या किचनमध्ये. आईने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिने अख्ख्या चाळीत सांगून टाकलं, की आमच्याकडचे सेठच्या कारखान्यात स्वैपाकाला लागले. घरी पाण्याचा पेलाही हाताने न घेणारा माणूस तिकडे स्वैपाक करतो म्हटल्यावर बायका बघायला येऊन गेल्या. नानांची नखं मात्र खरोखर रोज वेगळ्या रंगाची असायची. कालची मोरपंखी, आजची राणी. त्यावरून मार्केटात कुठला रंग चालू आहे ते आम्हाला दुकानदारांच्या आधी कळायचं.

आमच्या विभागात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रबंध करावा लागे, आणि विषय बहुतेक वर्षानुवर्षं तोच. बारडोलीच्या साखर कारखान्यातून मळी आणायची आणि तिच्यातले जंतू मोजायचे. मळी तीच, जंतूही तेच, मोजणारा तेवढा दरवर्षी नवा. मागच्या वर्षीचा प्रबंध समोर ठेवून पुढच्या वर्षीचा लिहिला जाई. एकाने तर मागच्याच्या शुद्धलेखनाच्या चुकाही जशाच्या तशा उतरवल्या होत्या. मळीचा कॅन घेऊन एसटीत चढलेल्या मुलांशेजारी कोणी बसत नसे, एवढाच काय तो त्या संशोधनाचा समाजावर परिणाम. माझा नंबर आला होता आणि कॅन धुऊन तयार होता.

तेवढ्यात मॅडमनी नोटीस बोर्डावर एक कागद लावला. दक्षिणेतली एक मोठी संशोधन संस्था विद्यार्थ्यांना सहा महिने आपल्या प्रयोगशाळेत काम करू देणार होती. राहणं-जेवण तिकडचंच. तीन पानांचा प्रस्ताव लिहायचा, मुलाखत द्यायची. आमच्या भागातून एकच विद्यार्थी घेणार. मी तो कागद वाचला आणि मला ती जागा इतकी हवीशी झाली, की तो अख्खा मी वहीत उतरवून घेतला. मला त्या मळीपासून सुटायचं होतं हे तर खरंच. पण त्याहून जास्त म्हणजे, सोळा-सतरा वर्षं पुस्तकांतून जे पाठ केलं ते खरोखर असतं की नाही हे मला एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघायचं होतं. आमच्या विभागात जीनचे तुकडे वाढवायचं एक यंत्र होतं. ते थर्माकोलसकट कपाटात असायचं आणि दसऱ्याला बाहेर काढून त्याला हार-कुंकू व्हायचं. ते चालू झालेलं मी कधीच पाहिलं नाही. पूजा मात्र अगदी साग्रसंगीत.

विषय मला नानांच्या नखांवरून सुचला. काही रंगांत धातू असतात. तांबं असतं, क्रोमियम असतं. ते पाणी शेवटी मातीत जातं आणि मातीत हा किडा राहतो. सी. एलिगन्स त्याचं नाव. जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि काचेसारखा आरपार दिसणारा. जंतू खातो, तीन दिवसांत वयात येतो, आणि बहुतेक किडे स्वतःच आई नि स्वतःच बाप असतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत आमच्या खानदेशी बोलीत म्हणाली, "मंग बरं शे. सोयरीकनी कटकटच नही."

या किड्याच्या अंगात जड धातू शिरला की त्याची एक जीन जागी होते आणि धातूला पकडून ठेवणारं प्रथिन बनवायला लागते. माझा प्रस्ताव असा, की ती जीनच किड्यातून काढून टाकायची, म्हणजे कायमची बंद करायची, आणि मग त्याला धातूच्या ताटलीत सोडून काय होतं ते बघायचं. एखादी वस्तू कशासाठी आहे ते कळत नसेल तर ती काढून बघा काय अडतं ते, इतका सरळ विचार. जीन काढायची पद्धतही मी झेरॉक्सवरून लिहिली होती. किड्यांना एका विषारी रसायनात बुडवायचं, म्हणजे कुणाची ना कुणाची कुठली ना कुठली जीन तुटते. मग हजारो किड्यांची पिलावळ चाळत आपल्याला हवी ती जीन तुटलेला किडा शोधायचा. हे काम महिन्याभरात होईल असं मी ठणकावून लिहिलं होतं. कशाच्या जोरावर, ते आज मला विचारू नका.

मॅडम सुरतच्याच, बोलायला मऊ आणि लाल पेनाला कडक. त्यांनी माझी तीन पानं दोन दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा पहिल्या दोन पानांवर स्पेलिंगच्या खुणा आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी गुजरातीत एकच ओळ: "अने कंई नहीं थाय तो?" आणि काहीच झालं नाही तर?

मी म्हटलं, "होईलच ना, मॅडम. जीनच काढली तर काहीतरी होणारच."

"बेटा, ए तो तुं कहे छे," त्या म्हणाल्या, "कीडो नथी कहेतो." हे तू म्हणतेस, किडा नाही म्हणत. मुलाखतीत हाच प्रश्न पहिला येईल असं बजावून त्यांनी मला पंधरा दिवस दिले. जाताना आणखी एक सल्ला दिला, की घरी जाऊन हे सगळं कोणालातरी समजाव. घरच्यांना समजलं तर कमिटीलाही समजेल.

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, अजूनही. पहिला आठवडा मी मॅडमवर चिडण्यात घालवला. 'काही नाही झालं तर' हा काय प्रश्न झाला? या हिशेबाने जगात कोणी काहीच करायला नको. दुसऱ्या आठवड्यात राग ओसरला आणि धास्ती उरली, कारण उत्तर मला खरंच येत नव्हतं. कॅन डोळ्यांसमोर दिसायला लागला.

घरी समजवायचं म्हणजे मराठीत समजवायचं, आणि इथे पहिली अडचण किड्याचीच. 'कृमी' म्हटलं तर आईला कळेना. 'जंत' म्हटल्याबरोबर भलतंच कळलं. संध्याकाळच्या आत चाळीत बातमी, की पोरगी जंतांची डॉक्टर होणार, आणि समोरच्या मावशी आपल्या पोटाची तक्रार घेऊन दारात उभ्या. मी त्यांना म्हटलं, मावशी, माझा किडा माणसाच्या पोटात राहत नाही. त्या म्हणाल्या, "पन त्याना भाऊबंद तं राहतस ना!" शास्त्रीयदृष्ट्या त्यांचं अगदी बरोबर होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले.

त्या आठवड्यात नानांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ठरवून बसले. आई शेगडीपाशी, नाना खाटेवर आडवे, तोंडावर गुजराती पेपर. वाचायला म्हणून उघडलेला आणि ऊन अडवायला म्हणून उपयोगात आलेला. मी वही घेऊन भिंतीला टेकले आणि आईला सांगायला लागले. हा किडा, ही माती, हा धातू. आई हूं हूं करत होती. मग मी मुद्द्यावर आले. "तर काय करायचं, ही जी जीन आहे ना, ती बंद पाडायची."

पेपर खाली आला. नाना उठून बसले.

"कोनती जीन बंद करी राहिनात?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर काही कळलंच नाही. नानांचा चेहरा मात्र असा झाला होता, की कोणीतरी तार घेऊन आलंय.

"कोनी सांगं तुले? कसाले बंद करतस? लोके कोठे जातीन?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खानदेशात जीन म्हणजे कापसाची जीन. सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. तापीकाठच्या आमच्या गावाला अशी एक जीन होती आणि नाना सुरतेला यायच्या आधी अकरा वर्षं तिथे कामाला होते. मी तेव्हा लहान होते. ती जीन बंद पडली म्हणून आम्ही इकडे आलो, एवढं मला ऐकून माहीत होतं. पाच वर्षं मी रोज जीन, जीन करत होते आणि हा दुसरा शब्द माझ्याच घरात आहे हे एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी जी हसायला लागले ती थांबेचना. आईही हसली.

"ती जीन नही, नाना. किडामानी जीन."

"किडामा बी जीन ऱ्हास?" नाना अजून गंभीरच.

मी त्यांना समजावलं. शरीरात अशा हजारो जीन असतात, प्रत्येकीचं काही काम असतं, आणि मी त्यातली एक बंद करणार. नानांनी पेपरची घडी घातली, उशीखाली ठेवली.

"बंद करीसन काय देखशी?"

"काय बिघडस ते देखसू."

"आनि काय बी नही बिघडनं, तं?"

आता मात्र माझा तोल गेला. आधी मॅडम, आता हे! मी फटकन म्हटलं, की नाना, तुम्हाला यातलं कळत नाही, ही कापसाची जीन नाही, उगाच मध्ये बोलू नका. आईने माझ्याकडे डोळे वटारले. नानांनी मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. ते नखाचा रंग नखाने खरवडत सांगायला लागले, माझ्याकडे न बघता.

जीन बंद पडली तेव्हा त्यांना खात्री होती, की आता गाव बसणार. भोंगा वाजणार नाही म्हणजे लोक उठणार कसे, बाजार भरणार कसा. "माले वाटे, आते समदं थांबी जाई." ते रोज सकाळी फाट्यावर जाऊन बसायचे, काय थांबतंय ते बघायला. काहीच थांबलं नाही. कापसाच्या बैलगाड्या तशाच आल्या, फक्त फाट्यावरून डावीकडे वळायच्या त्या उजवीकडे वळायला लागल्या. पुढच्या गावाला दुसरी जीन होती. ती आधी एक पाळी चालायची, आता दोन पाळ्या चालायला लागली. चहावाल्याने आपली टपरी उचलून तिच्या दारात नेली. बाजार भरला. पोळा झाला.

"मंग लोके म्हनू लागनात, त्या जीननं कायच काम नही व्हतं," नाना म्हणाले. "दुसरी व्हती म्हनीसन चालनं. तीबी बंद पडती, मंग समजतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला होता. माझ्या वहीच्या दुसऱ्या पानावर, अगदी खाली, मीच एक ओळ लिहून ठेवली होती. या किड्यात धातू पकडणारी अशीच आणखी एक जीन असते. झेरॉक्समध्ये होतं म्हणून लिहिलं, आणि तीन पानांत बसत नाही म्हणून त्या ओळीवर काट मारली होती.

"एक बंद करीसन काय बी समजाव नही," नाना म्हणाले. "दोन्ही बंद कर. मंग देख."

मी वही ओढली. पहिली बंद, दुसरी चालू. दुसरी बंद, पहिली चालू. दोन्ही बंद. आणि सोबत एक धडधाकट किडा, ताडून बघायला. चार ताटल्या. पहिलीत काही झालं नाही तरी चालेल, कारण मग चौथीत काय होतं ते बघायला जास्तच अर्थ येतो. मॅडमच्या लाल ओळीचं उत्तर माझ्यासमोर होतं आणि मी इतक्या भराभरा लिहीत होते, की पेन्सिलीचं टोक मोडलं. नाना अजून बोलत होते. ते म्हणत होते, "पन मंग अकरा वरीस मी तठे काय करं?" मग अकरा वर्षं मी तिथे केलं काय, हे ते आईला विचारत होते की मला की स्वतःला, ते मी बघितलं नाही. मी टोक करायला ब्लेड शोधत होते. कानावर पडलेलं ते वाक्य मला समजलं फार नंतर.

नवीन तीन पानं वाचून मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं. आमच्या विभागात याहून मोठं कौतुक नव्हतं. टाइप करून द्यायला मी स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तो दिवसभर कापड मार्केटची बिलं छापणारा माणूस. त्याने माझं हस्ताक्षर वाचलं आणि जिथे जिथे जीन होती तिथे तिथे पॅन्टची जीन टाइप केली. वरून मलाच म्हणाला, बेन, तुमचं स्पेलिंग चुकलं होतं, मी सुधारून घेतलं. तीन पानांत सव्वीस ठिकाणी किड्याला जीन्सची पॅन्ट. मी त्याच्याशी कडाकडा भांडले आणि शेजारी उभी राहून एकेक दुरुस्त करून घेतली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? सुरतेत कोणालाही विचारा, तोच अर्थ पहिला सांगतील.

मुलाखती आमच्याच विभागात झाल्या. दक्षिणेतल्या त्या संस्थेतून एक शास्त्रज्ञ आले होते, सोबत आमच्या मॅडम आणि दुसऱ्या कॉलेजचे एक सर. नाना त्या दिवशी रजा काढून माझ्यासोबत आले. गरज नव्हती, मी नको म्हटलंही होतं. पण पोरगी शिकते ती जागा एकदा बघून घेऊ, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि नखं पोपटी, कारण रंग घासून निघत नाही. ते व्हरांड्यात दाराजवळच्या बाकड्यावर बसले. त्यांच्या शेजारी बारडोलीकडची दोन मुलं टाय लावून इंग्रजीत पाठ करत होती. नाना त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी त्या टायकडे, नि मग नानांच्या नखांकडे. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे.

आत पंख्याचा खडखडाट फार म्हणून पंखा बंद केला होता आणि उकडतं म्हणून दार उघडं ठेवलं होतं. माझी सुरुवात चांगली झाली. मग इंग्रजी अडकायला लागलं. पाठ केलेलं एक वाक्य मध्येच हरवलं आणि ते सापडेपर्यंत मी चार वेळा थँक यू म्हणाले. शास्त्रज्ञ भला माणूस होता. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सरळ हिंदीत बोलायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. महिन्याभरात जीन तुटलेला किडा मिळेल हे माझं वाक्य वाचून तो मोठ्याने हसला. "सहा महिन्यांत मिळाला तरी मी तुला पेढे देईन," असं म्हणाला. मग त्याने तिसरं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"यह दोनों जीन साथ में हटाने वाली बात अच्छी है. ज़्यादातर बच्चे एक हटाकर खुश हो जाते हैं. किसने सुझाया?"

मला एका शब्दाचं उत्तर द्यायचं होतं. तो शब्द दारापासून चार हातांवर बाकड्यावर बसला होता. पण मी मॅडमकडे बघितलं, त्या दुसऱ्या सरांकडे बघितलं, आणि मला लाज वाटली. बाप कारखान्यात रंग कालवतो आणि त्याला जीन म्हणजे कापसाची वाटली होती, हे सगळं सांगत बसायचं? जागा हातातोंडाशी आलेली असताना? हसले असते तर?

"पेपर में पढ़ा था, सर," मी म्हटलं.

"वेरी गुड," तो म्हणाला. निकाल पत्राने कळेल असं नियमाप्रमाणे सांगून झाल्यावर, मी दाराकडे वळले तेव्हा त्याने हळूच विचारलं, की जूनमध्ये यायला जमेल ना? मॅडम हसल्या. मी बाहेर आले ती जवळजवळ धावतच.

"झालं!" मी नानांना म्हटलं. "मिळाली!" नाना उभे राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग टायवाल्या मुलांना "ऑल द बेस्ट" म्हणाले. हे त्यांना कुठून येत होतं कोण जाणे. येताना शटल रिक्षात आम्ही सहा जण कोंबलेले, बोलायला जागाच नव्हती. उधन्याच्या नाक्यावर उतरून त्यांनी अर्धा किलो घारी, सुरतेची ती तुपाने थबथबलेली मिठाई, घेतली. आमच्याकडे घारी फक्त पाहुण्यांसाठी यायची. मी रस्ताभर बडबडत होते. तिकडे थंडी असते का, ट्रंक न्यावी की बॅग, किडा बघितल्यावर पहिल्यांदा कोणाला पत्र लिहीन. नाना हो हो करत होते.

आई दारातच होती. घारीचा पुडा बघून तिला न सांगता कळलं. तिने माझी दृष्ट काढली, मग आम्हाला आत बसवून बशांत घारी वाढली आणि विचारलं, "काय काय इचारं व त्यास्नी?"

मी तोंड उघडायच्या आत नानांनीच सांगितलं. खाटेवर बसून बूट सोडता सोडता, अगदी अभिमानाने.

"दोन जीननं इचारं. कोनी सांगं म्हने तुले. आपली पोरनी सांगं, मी पेपरमा वाचं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. दार उघडं होतं, आणि वीस वर्षं सेठशी हिंदीत बोलणाऱ्या माणसाला ते कळणारच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधला. नव्हता. टोमणाही नव्हता. पोरीने हुशारीने उत्तर दिलं आणि जागा मिळवली, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं. राग असता तर बरं झालं असतं. रागाशी माझी चांगली ओळख होती.

"मी वाचं नही व्हतं," मी आईला म्हटलं. "नानांनी सांगं. त्या दिवशी दुपारी. दोन्ही बंद कर म्हणून. तू होतीस ना इथे."

आईने माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे, आणि ती हसायला लागली. "यास्नी? वं माय! यासले काय समजस त्यामानं?"

"खरंच आई. यांचीच कल्पना ती."

"बरं व माय, त्यासनीच," आई लाडाने म्हणाली. लेक मोठी जागा मिळवून आली आणि तरी बापाचा मान ठेवते, याचं तिला भारी कौतुक वाटलं. मी जितकं जास्त सांगावं तितकं तिला ते माझंच मोठेपण वाटत होतं. मी नानांकडे बघितलं. तुम्ही तरी सांगा, असं मला म्हणायचं होतं.

नाना आईबरोबर हसत होते. "तेच तं," ते म्हणाले. "माले काय समजस?" आणि बशीतला घारीचा तुकडा त्यांनी माझ्याकडे सरकवला.